भीतीची जाहिरात

अंबरनाथ एमआयडीसीत कुणाला ‘ट्रेलर आला का?’ असं विचारलं, तर तो माणूस मान वळवून रस्त्याकडे पाहतो. इथे ट्रेलर म्हणजे चाळीस फुटी कंटेनर ओढून नेणारी गाडी. ती वळणावर अडकली की मागे रिक्षा, टेम्पो, कंपन्यांच्या बसगाड्या यांची रांग लागते आणि ज्याला त्याला तिथून सुटायची घाई होते. सिनेमावाल्यांचा ट्रेलर याच्या नेमका उलटा. तो दीड-दोन मिनिटांत निघून जातो आणि माणसाला अडकवून ठेवतो.

शब्द मात्र एकच. ट्रेलर म्हणजे मागून ओढत येणारं. सुरुवातीला या जाहिराती मुख्य चित्रपट संपल्यावर दाखवत, म्हणून हे नाव पडलं. न्यूयॉर्कमधल्या चित्रपटगृहांच्या एका मालिकेची प्रसिद्धी सांभाळणाऱ्या निल्स ग्रानलुंड या गृहस्थाने १९१३ साली एका संगीतिकेच्या तालमींची छोटी चित्रफीत पडद्यावर दाखवली, तिथपासून ट्रेलरचा इतिहास मोजतात. चित्रपट संपला की प्रेक्षक उठून जातो हे ध्यानात आल्यावर मागचा ट्रेलर पुढे आला. नाव तेवढं मागे राहिलं.

१९१३ हे साल आपल्याला वेगळ्या कारणाने पाठ आहे. त्या वर्षी ३ मे रोजी गिरगावातल्या कॉरोनेशन सिनेमात दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. पण मला विचाराल तर मराठी माणसाने केलेला पहिला ट्रेलर त्याच्याही आधीचा आहे. भांडवल द्यायला कुणी तयार होईना, तेव्हा फाळक्यांनी कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तो रुजून वर येईपर्यंत दिवसामागून दिवस एकेक चित्र टिपलं. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात दिसली. ते पाहून पैसे देणारे पुढे आले. ‘मला काय येतं ते बघा, बाकीचं पुढे दाखवतो’, एवढंच ती चित्रफीत सांगत होती. ट्रेलरचं काम याहून निराळं काय असतं?

हे सगळं शोधून वाचायची वेळ माझ्यावर आणली ती पाच मुलांनी.

शेड हवी आहे, भुतासाठी

आनंदनगरच्या बाजूला माझी एक लहानशी शेड आहे. जवळजवळ तीस वर्षं तिथे शीटमेटलचं काम चाललं. एक पॉवर प्रेस, एक शिअरिंग मशीन, दोन ड्रिल, एक कॉम्प्रेसर आणि दहा-बारा माणसं. पुढे ज्यांची कामं यायची त्यांनी कारखाने दुसरीकडे हलवले आणि शेडचं शटर खाली आलं. आठवड्यातून एकदा जाऊन मी कुलूप तपासून येतो. अशी बंद शेड कुणाच्या काही उपयोगाची असेल असं मला वाटलं नव्हतं. पण गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर एका ओळखीच्या माणसाची चिठ्ठी घेऊन जवळच्या महाविद्यालयातली पाच मुलं दारात उभी राहिली. माध्यमशाखेची शेवटच्या वर्षाची. त्यांना एका भयपटाचा ट्रेलर करायचा होता. शिवाय पोस्टर, नियतकालिकात शोभेल असं मुखपृष्ठ आणि मोबाइलवर पाठवायच्या तीन छोट्या जाहिराती. पूर्ण चित्रपट करायचा नव्हताच. तो आहे असं गृहीत धरून त्याची प्रसिद्धी करायची, हाच त्यांचा प्रकल्प.

‘म्हणजे लग्न नाही, पण पत्रिका छापायची?’ मी विचारलं.

त्यांच्यातली दिग्दर्शक, डोंबिवलीहून लोकलने येणारी एक किडकिडीत मुलगी, हसून म्हणाली, ‘हो काका. पण पत्रिका वाचून लोकांना लग्नाला यावंसं वाटलं पाहिजे.’

शेड मिळवायला एवढं उत्तर पुरेसं होतं.

भयपटाला आमच्या अंबरनाथात जागांची वाण नाही. एका टोकाला शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० सालचा शिलालेख असलेलं शिलाहारांचं शिवमंदिर, त्याच्याजवळून वाहणारी वालधुनी, आणि दुसऱ्या टोकाला गेलेल्या कारखान्यांची राहिलेली नावं. आगपेट्यांचा विम्को कारखाना गेला, पण रिक्षावाला अजून ‘विम्को नाका’ म्हणतो. मुलांनी पहिल्या दिवशी मंदिराचा हट्ट धरला होता. संरक्षित वास्तू, परवानग्यांची कटकट आणि नांदतं श्रद्धास्थान, अशी तीन कारणं सांगून मी तो मोडून काढला. दुसरं म्हणजे, जुनं मंदिर, पडका वाडा, वडाचं झाड हे सगळं इतक्यांदा दाखवून झालंय की तिथलं भूतही आता कंटाळलं असेल. एमआयडीसी रात्री साडेअकरानंतर पाहा, म्हटलं. सोडियमचा पिवळा उजेड, त्यात निम्मे दिवे बंद, कुंपणाच्या पत्र्यावर चढलेल्या वेली, दूर कुठेतरी चालू असलेल्या ब्लोअरची एकसुरी घरघर, आणि ज्याची लोकांनी सवय करून घेतली आहे असा तो नाकाच्या आत टोचणारा वास. भीतीचं निम्मं सामान तयारच आहे.

हजेरीचं भूत

गोष्ट मुलांचीच. नाव ‘थर्ड शिफ्ट’. एक बंद कंपनी. दारात एकटा रखवालदार. आत भिंतीवर कामगारांची कार्डं पंच करायचं जुनं घड्याळ, वीज तोडलेली. रोज रात्री दोन वाजता ते ‘खट्’ करून वाजतं. सकाळी रॅकमध्ये एक कार्ड जास्त सापडतं. त्यावर नाव नाही, फक्त वेळेचे शिक्के. हळूहळू उलगडतं ते असं, की तिथे काम करताना गेलेला एक मजूर ठेकेदाराचा होता. त्याचं कार्डच नव्हतं, म्हणून तो त्या दिवशी कामावर होता हे कुणी मान्यच केलं नाही. तो आता कुणाच्या मानगुटीवर बसायला येत नाही. हजेरी लावायला येतो.

मी तीस वर्षं कारखानदारी केलेला माणूस. ही गोष्ट ऐकून थोडा वेळ काही बोललो नाही. चांगलं भूत हे नेहमी एखाद्या खऱ्या गोष्टीचं भूत असतं. राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’मध्ये ते हावरेपणाचं होतं. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’त, २०१७ साली, उसाच्या फडात लपलेलं भय हे पोटातच मारल्या गेलेल्या मुलींचं होतं. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथा वाचून ज्यांनी रात्रीचा दिवा चालू ठेवला, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण गोष्ट सुचणं वेगळं आणि ती शंभर सेकंदांत बसवणं वेगळं. मुलांनी आधी एका पानावर गोष्ट लिहिली, मग त्यातलं ट्रेलरमध्ये काय सांगायचं आणि काय दाबून ठेवायचं याच्या दोन याद्या केल्या. दाबून ठेवायची यादी मोठी निघाली. मग चौकटी आखून प्रत्येक दृश्याचं चित्र काढलं. ड्रॉइंग बेताचंच होतं, माणसं काड्यांची होती, पण कॅमेरा कुठे असेल, उजेड कुठून येईल आणि दृश्य किती सेकंद टिकेल हे प्रत्येक चौकटीखाली लिहिलेलं होतं. एकूण ४२ चौकटी. कारखान्यात ड्रॉइंगशिवाय पत्रा कापत नाहीत. इथेही तोच नियम पाहून मला बरं वाटलं.

माझ्या अटी मी आधीच सांगितल्या. मेन स्विच बंद आणि त्याला माझं कुलूप. दिवे लावायचे ते बॅटरीवरचे. प्रेसच्या जबड्यात हात घालून फोटो काढायचा नाही, मशीन बंद असलं तरी. पत्र्यावर कुणी चढायचं नाही. धूर करायचा नाही. या शेवटच्या अटीवर मुलं नाराज झाली, कारण धुराशिवाय भयपट म्हणजे त्यांना मीठ नसलेली भाजी. पण एमआयडीसीत धूर दिसला तर तो सिनेमाचा आहे असं कुणी समजत नाही. शेजारचा रखवालदार आधी फायर ब्रिगेडला फोन लावतो, आणि तेच बरोबर आहे. यावर उपाय शेडनेच दिला. एकाने कोपऱ्यात झाडू मारला मात्र, आणि वर्षानुवर्षांची धूळ बॅटरीच्या झोतात अशी काही तरंगायला लागली की कॅमेरा धरणारा पोरगा ‘थांब, थांब, झाडतच राहा!’ म्हणून ओरडला.

दाखवायचं ते दाखवायचं नाही

भयपटाच्या ट्रेलरचं जे शास्त्र आहे त्याचं पहिलं कलम हे, की भूत दाखवायचं नाही. आल्फ्रेड हिचकॉकने १९६० साली ‘सायको’साठी जो ट्रेलर केला तो सहा मिनिटांहून मोठा आहे आणि त्यात चित्रपटातली दृश्यं जवळपास नाहीतच. हिचकॉक स्वतः रिकाम्या सेटवर फिरतो आणि घर दाखवणाऱ्या दलालासारखा गप्पा मारत एकेक खोली दाखवतो. न्हाणीघराशी आला की पडदा सर्रकन ओढतो आणि एक किंकाळी. बस. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडलं जाणार नाही, ही त्याची दुसरी जाहिरात होती. लोक रांगा लावून उभे राहिले.

आपल्याकडे या धंद्याचं घराणं म्हणजे रॅमसे बंधू. कराचीत रेडिओचं दुकान चालवणारे फत्तेचंद रामसिंघानी फाळणीच्या वेळी मुंबईत आले. त्याच लोंढ्यातल्या हजारो सिंधी कुटुंबांनी कल्याणजवळच्या ओसाड लष्करी छावणीत आसरा घेतला आणि १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आमच्या पाच मुलांपैकी दोघांचे पणजोबा त्या छावणीतले, त्यामुळे ही हकीकत त्यांनीच मला जास्त रंगवून सांगितली. रॅमसे कुटुंबाचा १९७० सालचा ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ पडला, पण त्यात मुखवटा घालून पृथ्वीराज कपूर चोरी करतात तो प्रसंग लोकांना फार आवडला. मुलांनी वडिलांना सांगितलं, लोक त्या प्रसंगासाठी येतात, मग सगळा चित्रपटच तसा का करू नये? १९७२ साली ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ आला. महाबळेश्वरला सगळं कुटुंब मुक्कामाला, सात भावांत कामं वाटलेली. कुणी कॅमेरा, कुणी आवाज, कुणी संकलन, कुणी दिग्दर्शन. स्टुडिओचं भाडं नाही, नटनट्यांचे नखरे नाहीत. आमच्या शेडमधलं पाचजणांचं कुटुंबही याच हिशेबाने चाललेलं मी पाहिलं. दिग्दर्शक मुलगीच चहा आणायची, कारण तिला तो वेळेवर हवा असायचा.

दुसरं कलम आवाजाचं. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. या बाबतीत मात्र मी मुलांच्या उपयोगी पडलो. मेन स्विच बंद असला तरी शेडला बोलतं करता येतं. चेन ब्लॉकची साखळी हळूहळू सोडली की एकेक कडी कशी बोलते, शटर चार बोटं उचलून सोडलं की त्याची थरथर किती वेळ टिकते, पत्र्याचा कोपरा दोन बोटांनी दाबून सोडला की तो कसा ‘डुब्’ करतो, हे सारं त्यांनी टिपून घेतलं. पंचिंगचं घड्याळ माझ्याकडे अडगळीत होतंच. त्याचा दांडा हाताने दाबला की आवाज येतो, पण तो जरा गरीब वाटला, म्हणून मुलांनी त्यात स्टेपलरचा आवाज मिसळला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, त्या ‘खट्’च्या आधी तीन सेकंद काहीच नाही. पावसाचा आवाजही बंद. ती तीन सेकंदं आली की बघणारा आपोआप श्वास रोखतो.

पाऊस खरा होता. ‘तुंबाड’च्या मंडळींनी खऱ्या पावसासाठी पावसाळ्यामागून पावसाळे वाट पाहिली होती. आमच्या मुलांना वाट पाहावी लागली नाही. अंबरनाथ-बदलापूरचा पाऊस बोलावल्यावाचून येतो आणि सांगितल्यावाचून जात नाही. तीन रात्री चित्रीकरण, तिन्ही रात्री मी खुर्ची टाकून दारात बसलेलो, घरून दर तासाला ‘जेवलात का?’ असा फोन. चौथ्या दिवशी त्यांनी दृश्यं जोडायला घेतली.

त्या चार शब्दांचं काय करायचं?

खरा प्रश्न पुढेच आला, आणि तो ट्रेलरचा नव्हता, पोस्टरचा होता.

पोस्टरच्या बाबतीतही आपली परंपरा मोठी आहे. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत सिनेमात आले. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या चित्रपटाचं १९२४ सालचं पोस्टर हे आज टिकून असलेलं सर्वांत जुनं भारतीय सिनेपोस्टर मानतात. मुलांनी पोस्टर छान केलं होतं. काळी भिंत, कार्डांची रॅक, सगळी कार्डं पिवळी पडलेली आणि एक कोरं, पांढरं. वर ‘थर्ड शिफ्ट’. खाली चार शब्द : ‘अंबरनाथमधील सत्य घटनेवर आधारित’.

‘घटना कुठली?’ मी विचारलं.

‘तशी कुठली नाही काका. पण असं लिहिलं की लोक बघतात. सगळेच लिहितात.’

पोस्टर एक दिवस शेडच्या दारावर नमुना म्हणून लावलेलं होतं. शेजारच्या कंपनीत पॅकिंगला असलेल्या एक मावशी रस्त्याने जाताना थांबल्या, त्यांनी ते वाचलं आणि मला विचारलं, ‘शेठ, इथं माणूस गेला होता का?’ मी नाही म्हटलं. ‘मग हे काय लिवलंय? आमच्या पोरी रात्री याच रस्त्यानं रिक्षापर्यंत चालत जातात. उद्या एकीनं वाचलं की दहाजणी सेकंड शिफ्ट नको म्हणतील. शिफ्ट सोडली तर पगार कोण देणार, भूत?’

मुलं ऐकत होती. कुणी काही बोललं नाही.

मग आम्ही सगळेच या प्रश्नाच्या मागे लागलो. जाहिरातीत थोडं वाढवून सांगायचं नाही असं म्हटलं तर जाहिरात उरतेच कुठे? खुद्द फाळक्यांच्या चित्रपटाची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. ५७ हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचं चित्र आणि दाम फक्त तीन आणे! आमच्यातल्या हिशेबी मुलाने लगेच गणित मांडलं. एक फूट फिल्मवर १६ चित्रं, म्हणजे ५७ हजार चित्रांची फिल्म भरते सुमारे साडेतीन हजार फूट. मैल होतो ५,२८० फुटांचा. चित्रांचा आकडा बरोबर, मैलांचा मात्र चांगलाच ताणलेला! पण त्या दोन मैलांनी कुणाचं काय बिघडलं? ऐकणारा हसला असेल आणि तीन आणे देऊन आत गेला असेल. ही अतिशयोक्ती. बाजारात ‘साखरेसारखी द्राक्षं’ म्हणतात तशी.

आता दुसरं उदाहरण घ्या. १९९९ साली अमेरिकेत ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’ नावाचा भयपट आला. करणारे डॅनियल मिरिक आणि एदुआर्दो सांचेझ, विद्यापीठात एकत्र शिकलेले मित्र. जंगलात गेलेले तीन विद्यार्थी हरवले आणि त्यांनी चित्रित केलेल्या फिती सापडल्या, अशी गोष्ट. प्रसिद्धी अशी केली की जणू हे खरंच घडलं. तिघांच्या फोटोंची ‘हरवले आहेत’ अशी पत्रकं वाटली, इंटरनेटवर पोलिसांच्या तपासाची माहिती वाटावी असा मजकूर टाकला. भूमिकांना नटांचीच खरी नावं होती. थोडक्या पैशांत झालेल्या या चित्रपटाने जगभरात सुमारे २५ कोटी डॉलर मिळवले, आणि आजही प्रसिद्धीच्या वर्गात त्याचा धडा असतो. मुलांनाही तो होता. पण धड्यात सहसा न येणारी गोष्ट अशी, की त्यातली नटी हेदर डोनाह्यू हिच्या आईला लोकांची सांत्वनाची पत्रं आली. मुलगी धडधाकट, आणि टपालाने शोकसंदेश! पुढे २०२४ मध्ये त्या तिन्ही नटांना आपल्या मोबदल्यासाठी जाहीर पत्र लिहावं लागलं. ज्यांची नावं आणि चेहरे वापरून भीती विकली, त्यांच्या वाट्याला फार काही आलं नव्हतं.

तिसरं उदाहरण आपल्या घरचं आहे आणि ते लिहिताना हात जड होतो. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा इथे, जमावाने पाच निरपराध माणसांना मुलं पळवणारी टोळी समजून ठेचून मारलं. भिक्षेकरी समाजातली, पोटासाठी गावोगाव फिरणारी माणसं ती. त्या काळात देशभर मोबाइलवर मुलं पळवण्याच्या ज्या चित्रफिती फिरत होत्या, त्यांतली एक मुळात कराचीमधली जाहिरात होती. मुलांच्या सुरक्षेसाठी केलेली! मोटारसायकलवरचे दोघे मूल उचलतात, आणि शेवटी ते परत आणून सोडतात, फलक दाखवतात की मूल पळवायला इतका कमी वेळ पुरतो, सावध राहा. कुणीतरी तो शेवट कापला. उरलेली जाहिरात अफवा होऊन सीमेपलीकडून इथे आली.

हे ऐकल्यावर आमची संकलन करणारी मुलगी म्हणाली, ‘म्हणजे आपण शेवटी काल्पनिक असं लिहिलं तरी उपयोग नाही. शेवट कुणीही कापेल.’

मला वाटतं, सगळ्या प्रकल्पात तिला जे कळलं ते गुणपत्रिकेत मावणारं नाही.

तिकीट न काढलेला माणूस

सिनेमात खोटं चालतं, कारण आपण तिकीट काढून त्या खोट्याला होकार दिलेला असतो. अंधारात बसणारा प्रत्येकजण मनाशी म्हणतो, ‘आता मला दोन तास फसव.’ पोस्टर आणि ट्रेलर यांचं तसं नाही. ते तिकीट न काढलेल्या माणसापुढे येतात. नाक्यावर रिक्षाची वाट पाहणाऱ्या बाईपुढे, आजोबांचा मोबाइल चाळणाऱ्या सात वर्षांच्या नातवापुढे. त्यांनी कुठे होकार दिलाय? म्हणून गोष्ट खोटी चालते, गोष्टीची जाहिरात खोटी चालत नाही.

आणि महाराष्ट्रात तर आपण या बाबतीत मोठी किंमत मोजलेली आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. भुताखेतांना आवाहन करून किंवा तशी धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणं हा त्यात गुन्हा आहे. भयकथा सांगणं हा गुन्हा नाही, नसावाच. पण ‘अमुक गावातल्या तमुक शेडमध्ये हे खरंच घडलं’ असं छापून वाटणं हे कथेच्या उंबऱ्याबाहेर टाकलेलं पाऊल आहे, एवढं कळायला वकील लागत नाही.

आमच्या पट्ट्यात याला आणखी एक धार आहे. २६ मे २०१६ रोजी डोंबिवली एमआयडीसीत स्फोट झाला, १२ माणसं गेली. २३ मे २०२४ रोजी तिथेच पुन्हा स्फोट झाला आणि दहाहून अधिक माणसं गेली. इथल्या माणसाला भुताचा नाही, भोंग्याचा धाक आहे. रात्री वास आला की खिडक्या लावणारी ही वस्ती. मुलांनी ट्रेलरच्या सुरुवातीला भोंगा घातला होता आणि खाली ‘अंबरनाथ एमआयडीसी, आज रात्री’ अशी अक्षरं. डोंबिवलीच्या आमच्या दिग्दर्शिकेने ती स्वतःच काढून टाकली. स्फोटाच्या दिवशी तिच्या घराच्या काचा फुटल्या होत्या. ‘काका, तो आवाज माझी आजी ओळखते,’ एवढंच म्हणाली.

मग त्यांनी सगळं नव्याने मांडलं. भोंग्याच्या जागी पाऊस आला. ‘आज रात्री’ गेलं. गावाचं नाव गेलं. ट्रेलरच्या प्रत्येक चौकटीत, उजव्या कोपऱ्यात, चित्रपटाचं नाव आणि ‘काल्पनिक कथा’ हे दोन शब्द बारीक पण वाचता येतील असे बसवले, म्हणजे कुठूनही कापलं तरी ते बरोबर जातील. पोस्टर भिंतींवर चिकटवायचं नाही असं ठरलं. १९९५ चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहेच, आणि त्याहून मोठ्या पॅकिंगच्या मावशी आहेत. ते फक्त महाविद्यालयाच्या फलकावर लागलं. त्यावरच्या त्या चार शब्दांच्या जागी दिग्दर्शिकेने नवी ओळ लिहिली : ‘गोष्ट खोटी आहे. हजेरी खरी लावा.’

गंमत अशी की पोस्टर आधीपेक्षा जास्त भीतीदायक झालं. ‘सत्य घटना’ म्हटलं की माणूस ‘असेल बुवा कुठली तरी’ म्हणून पुढे जातो. ही ओळ वाचून तो थांबतो. कुणाची हजेरी?

एक मिनिट ४० सेकंदांचा ट्रेलर तयार झाला, तेव्हा मुलांनी तो आधी मावशींना दाखवला. जेवणाच्या सुट्टीत, कंपनीच्या फाटकाशी, सहा-सात बायका एका मोबाइलभोवती. तीन सेकंदांची शांतता आली तशा सगळ्या पुढे झुकल्या. ‘खट्’ झालं. एक किंचाळली, मग सगळ्या हसल्या, पदर तोंडाला लावून. ‘भूत कुठाय पण?’ एकीने विचारलं. मावशी हसल्या नाहीत. त्या दिग्दर्शिकेला म्हणाल्या, ‘पोरी, शेवटी लागली का गं त्याची हजेरी?’

चित्रपट तर नाहीच आहे, काय सांगणार? ती म्हणाली, ‘लावू मावशी. चित्रपट करू तेव्हा नक्की लावू.’

जाहिरातीचं यश कशात मोजतात ते मला ठाऊक नाही. किती लाख लोकांनी पाहिलं, किती जणांनी पुढे पाठवलं, याचे तक्ते मुलं दाखवत होती आणि आकडे काही फार मोठे नव्हते. पण नसलेल्या चित्रपटातल्या, नसलेल्या मजुराच्या हजेरीची चिंता एका खऱ्या कामगार बाईला लागली, याहून ट्रेलरने आणखी काय करायचं असतं?

आपल्याकडे भुताच्या गोष्टी पूर्वी ओटीवर बसून सांगत. सांगणारी आजी नाहीतर आत्या. गोष्ट ऐन रंगात आली की पोरांचे पाय आपोआप पोटाशी जायचे. पण गोष्ट संपल्यावर परसात जायची वेळ आली, की कंदील घेऊन बरोबर येणारीही तीच असायची. भीती घालणारं आणि सोबत करणारं माणूस एकच, हा त्या गोष्टींचा अलिखित करार होता. आता ओटी गेली, गोष्ट मोबाइलवर आली, सांगणारा कुठे आहे ते ऐकणाऱ्याला दिसत नाही. अशा वेळी ज्याला भीतीचा धंदा करायचा आहे त्याने खुशाल करावा, जोरात करावा. हातातला कंदील तेवढा खाली ठेवू नये.